बंद बॅगेच्या शेकडो सावल्या

बॅग बंद होती. चेन शेवटपर्यंत ओढलेली होती, चेनीला छोटं कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली आजोबांच्या खिशात होती. तरीही टेबलापलीकडे उभ्या असलेल्या, खाकी गणवेशातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "या बॅगेत एक मासा आहे. पोटात मोटर असलेला. तो कुणाचा?"

शलाका दचकली. "माझा," ती म्हणाली. "पण तुम्हाला कसं कळलं? बॅग तर तुम्ही उघडलीच नाही."

"आणि माशाला चिकटून एक डबा आहे," बाई पुढे म्हणाल्या. "त्यात काहीतरी दाबून दाबून भरलंय, ओल्या मातीसारखं. ते काय आहे?"

"फणसपोळी आहे ती," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "घरी केलेली. माझ्या लेकीला आवडते म्हणून नेतोय. आम्हाला इथं का बोलावलंत? आम्ही काय चोर आहोत?"

बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर 'सुनंदा वाघमोडे' असं लिहिलेलं होतं. देवखोल विमानतळाच्या सामान तपासणी कक्षाच्या त्या प्रमुख होत्या. त्यांनी दोन खुर्च्या पुढे केल्या.

"नाही काका. सामान वाहणाऱ्या पट्ट्यावरून येणारी प्रत्येक बॅग आम्ही सारखीच तपासतो. मंत्र्यांची असो, शाळेतल्या मुलीची असो. मी रजेवर जाते तेव्हा माझीसुद्धा इथूनच जाते. तुमची बॅग यंत्रानं बाजूला काढली, आणि ती उघडायची वेळ आली तर मालकासमोरच उघडायची असा आमच्याकडे नियम आहे. बसा ना."

आजोबा बसले, पण काठीवरचा हात त्यांनी सैल सोडला नाही. वासुदेव गवंडे हे त्यांचं नाव. सगळी नोकरी त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका दीपगृहात केली होती आणि कुणी आपल्यावर संशय घेतलेला त्यांना मुळीच खपत नसे.

शलाका मेस्त्री ही त्यांच्या लेकीची लेक. ती सहावीत होती. तिची आई, डॉक्टर उल्का मेस्त्री, अंदमानच्या समुद्रात पाण्याखाली बांधलेल्या प्रयोगशाळेत राहायची आणि प्रवाळांचा (समुद्रात दगडासारखी घरं बांधून वसाहतीनं राहणाऱ्या इवल्या प्राण्यांचा) अभ्यास करायची. पाण्याखालच्या घरातून मनात आलं की वर येता येत नाही. दिवाळीपासून शलाकानं आईला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. आता आई थोड्या दिवसांसाठी किनाऱ्यावरच्या तळावर येणार होती, म्हणून शलाका आणि आजोबा तिला भेटायला निघाले होते. बाबांना रजा मिळाली नव्हती.

मासा शलाकानं आईसाठी केला होता. त्याची कातडी मऊ रबराची होती, पोटात एक छोटी मोटर होती, आणि पाण्यात सोडला की तो खऱ्या सुरमईसारखा अंग वळवत पोहायचा. त्याला लागणारी बॅटरी तिला गावातल्याच एका मोडक्या ड्रोनमधून मिळाली होती. बागेत औषध फवारणारा तो ड्रोन माडावर आदळून खाली पडला होता. बॅटरी चालत होती, म्हणून शलाकाला ती चांगलीच वाटली. सकाळी सामान देताना काउंटरवरच्या ताईनं विचारलं होतं, "मोठ्या बॅगेत पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी आहे का?" शलाका नाही म्हणाली होती. खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. तिची बॅटरी सुटी नव्हती, माशाच्या पोटात होती. आणि मासा हा तिच्या लेखी मासा होता.

"मॅडम," शलाकानं पुन्हा विचारलं, "न उघडता कसं कळलं ते सांगा ना."

वाघमोडे मॅडमनी आधी वर पाहिलं. छतावरून एक लांब यांत्रिक हात खाली आला. त्याला मनगट होतं, रबर लावलेली बोटं होती आणि तळव्याच्या मधोमध कॅमेऱ्याचे दोन डोळे होते.

"हा पारखी," मॅडम म्हणाल्या. "पारखी, बॅग बाहेरून पुसून घे."

"घेतो मॅडम," पारखी म्हणाला. त्याचा आवाज वर्गातल्या नेमस्त मुलासारखा होता. त्यानं कापडाची एक पांढरी पट्टी चिमटीत धरली आणि बॅगेच्या मुठीवरून, चेनीवरून, कडांवरून हळूहळू फिरवली. मग ती पट्टी त्यानं कोपऱ्यातल्या एका पेटीत सरकवली.

"त्याचं उत्तर येईपर्यंत मला तुझी बॅग पडद्यावर नीट पाहायची आहे," मॅडम म्हणाल्या. "पाहता पाहता सांगते. तुझा कधी हात मोडलाय?"

"मनगट मोडलं होतं. सायकलवरून पडले तेव्हा."

"मग डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला असेल. हात न कापता हाड कसं दिसलं?"

"क्ष-किरणांनी."

"बरोबर. क्ष-किरण म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, पण डोळ्यांना न दिसणारा आणि बराच जोरकस. कापड, कातडी, प्लास्टिक यांच्यातून तो सहज आरपार जातो. हाडात थोडा अडतो. लोखंडात खूप अडतो. जिथं तो अडला तिथं पलीकडे सावली पडते. तुझी बॅग पट्ट्यावरून एका बोगद्यात गेली, आणि तिची तशीच सावली आम्हाला मिळाली."

पडद्यावर बॅग उमटली होती. शलाका पुढे झुकली. कपडे फिकट नारंगी दिसत होते, डब्यातली फणसपोळी गडद नारंगी. चेन आणि कुलूप निळं होतं. आजोबांची काचेची औषधाची बाटली हिरवी दिसत होती.

"माझा फोटो तर काळापांढरा होता," शलाका म्हणाली. "हे रंग कुठून आले?"

"रंग यंत्रानं भरलेत, आम्हाला चटकन कळावं म्हणून. ते दोन तऱ्हेचे क्ष-किरण सोडतं, एक जरा मवाळ आणि एक जास्त जोरकस. लोखंड मवाळ किरण जवळजवळ सगळेच अडवतं, जोरकस मात्र त्यातून थोडे निसटतात. म्हणजे दोघांत फरक मोठा पडतो. कापड, कागद, अन्न यांच्यात तो फरक लहान असतो. फरक लहान असला की नारंगी, मोठा असला की निळा आणि मधला असला की हिरवा. कळलं?"

शलाकानं मान हलवली. "म्हणजे नारंगी असलं की धोका नाही."

"उलट तिथंच खरी अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "साबण, चॉकलेट, पुस्तक, फणसपोळी सगळं नारंगी दिसतं. आणि काही स्फोटकंसुद्धा नारंगीच दिसतात. कारण तीही मुख्यतः त्याच हलक्या मूलद्रव्यांची (ज्या मूळ पदार्थांपासून बाकी सगळे पदार्थ बनतात त्यांची) झालेली असतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन."

आजोबांनी चमकून पडद्याकडे पाहिलं. आपल्या हातच्या फणसपोळीला असे सोबती असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"म्हणून आणखी एक गोष्ट करावी लागते." मॅडमनी कपाटावरचा स्टीलचा पेला उचलला, खिशातला टॉर्च लावला आणि पेल्याचं बूड टॉर्चसमोर धरलं. भिंतीवर गोल सावली पडली. "समज, तू फक्त सावली पाहते आहेस. ही वस्तू कोणती?"

"चेंडू असेल. किंवा नाणं. किंवा ताटली."

मॅडमनी पेला उभा केला. सावली लांबट चौकोनी झाली.

"आता?"

शलाका विचारात पडली. "इकडून गोल आणि तिकडून चौकोनी. म्हणजे चेंडू नाही, नाणंही नाही. पेला किंवा डबा."

"दोन सावल्यांत तू एवढं ओळखलंस. आमच्या बोगद्यात एक मोठं कडं असतं. ते बॅगेभोवती गरगर फिरतं आणि सगळ्या बाजूंनी शेकडो सावल्या घेतं. मग संगणक उलटा हिशोब करतो. या बाजूनं अशी सावली आणि त्या बाजूनं तशी सावली पडायची असेल, तर आत कुठं काय असायला हवं? हा हिशोब पुरा झाला की बॅगेच्या काकडीसारख्या चकत्या मिळतात. बघ."

त्यांनी बोट फिरवलं तशी पडद्यावरची बॅग चकतीचकतीनं पुढे सरकू लागली. कपड्यांच्या घड्या दिसल्या. शलाकाचे कॅनव्हासचे बूट दिसले, त्यांच्या आत कोंबलेले मोजेही दिसले. फणसपोळीच्या डब्याशी आल्यावर एकावर एक दाबून बसवलेले थर स्पष्ट दिसले.

"न कापता कापलेली बॅग," शलाका हळूच म्हणाली. तिला एकदम सगळं उमगलं होतं. एक सावली फसवू शकते. सगळ्या बाजूंच्या सावल्या एकत्र आल्या की त्यांना फसवता येत नाही.

"अगदी तसंच. आणि प्रत्येक चकतीतल्या साखरेच्या दाण्याएवढ्या जागेचीही घनता (तेवढ्या जागेत माल किती ठासून भरला आहे याचं माप) यंत्राला कळते. काका, तुम्ही पोळी इतकी छान दाबून भरलीत की तिची घनता नेमकी संशयाच्या पट्ट्यात बसली. शेजारी तारा आणि मोटर. यंत्र म्हणालं, मला खात्री नाही, माणसानं बघावं. मग पडद्यासमोर बसणाऱ्या आमच्या मुलांनी चकत्या पाहिल्या, त्यांनाही काही गोष्टी नक्की सांगता येईनात, म्हणून बॅग इथं आली. बहुतेक बॅगा पहिल्याच पायरीवर पुढे जातात. थोड्या दुसरीवर थांबतात. इथपर्यंत फार थोड्या येतात."

कोपऱ्यातल्या पेटीवर हिरवा दिवा लागला.

"पट्टीवर स्फोटकाचा कणही नाही," पारखी म्हणाला. "काहीतरी गोड आहे. फणस ओळखायला मला अजून शिकवलेलं नाही."

"ती पेटी काय करते?" शलाकानं विचारलं.

"पट्टी तापवते. तिच्यावर काही कण असतील तर त्यांची वाफ होते. मग त्या वाफेतल्या रेणूंना (पदार्थाचे गुण टिकवणाऱ्या सगळ्यात लहान कणांना) विजेचा भार देऊन एका नळीतून पळवते, समोरून वारा सोडून. लहान, सुटसुटीत रेणू लवकर पोचतात, मोठे पसरट मागे राहतात. कोण किती वेळात पोचलं त्यावरून कोण आहे ते कळतं. ज्यानं घातक पदार्थ हाताळला, त्याच्या हाताचे कण बॅगेच्या मुठीला चिकटलेले असतात. तुमच्या बॅगेला नाहीत."

"मग झालं," आजोबा काठी टेकून उठले. "आता बॅग जाऊ द्या."

पण मॅडमची नजर पडद्यावरून हलली नाही. बोलता बोलता त्या माशाच्या चकत्यांवर पोचल्या होत्या. त्यांचं बोट थांबलं. त्यांनी एक चकती मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली, मोठी करून पाहिली.

"शलाका, या माशाच्या पोटात बॅटरी कुठून आणलीस?"

शलाकानं ड्रोनची गोष्ट सांगितली. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. चपट्या बॅटरीच्या चकतीत वहीच्या पानांसारखे पातळ थर दिसत होते. कडेला ते एकमेकांना चिकटून होते. मधे मात्र ते सुटून वर उचलले गेले होते, फुगलेल्या पुरीच्या पापुद्र्यासारखे.

"हेच आमच्या मुलांना खटकलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढाच शांत होता, पण हालचाल भराभर सुरू झाली. "तुम्ही दोघं काचेच्या मागे या. काका, किल्ली पारखीला द्या. आता बॅग उघडायचीच आहे."

जाड काचेमागे तिघं उभे राहिले. पारखीनं कुलूप काढलं आणि चेन उघडली. त्याबरोबर आतून बारीक घरघर ऐकू आली. शलाकानं तो आवाज लगेच ओळखला.

"मोटर चालू आहे," ती म्हणाली. "मी बंद करून ठेवली होती. मला नक्की आठवतं."

पारखीनं कपडे बाजूला केले. फणसपोळीचा डबा माशाच्या पाठीवरच्या बटणावर दाबून बसला होता. बटण दाबलं गेलं होतं, आणि शेपूट कपड्यांत अडकली असल्यामुळे मोटर जागच्या जागी नुसती जोर करत होती. पारखीनं मासा अलगद उचलून टेबलावर ठेवला. त्याच्या तळव्यातला एक कॅमेरा उष्णता पाहणारा होता.

"माशाचं पोट तापलेलं आहे," तो म्हणाला. "ताप वाढतो आहे. मला झाकण सापडत नाही. कातडी कापू का?"

"कापू नको," शलाका म्हणाली. "मॅडम, त्याला सांगा. पातं बॅटरीलाच लागेल. ती कातडीला लागूनच आहे."

मॅडमनी तिच्याकडे एक क्षण पाहिलं आणि भिंतीतला माइक तिच्यासमोर ओढला. "तूच सांग. तू केलायस तो."

शलाकानं दोन्ही हातांनी माइक धरला. "पारखी, आधी बटण वर कर. हां. आता डाव्या कल्ल्याखाली एक बोट घाल. तिथं खाच आहे. ती दाब आणि दाबूनच शेपटीकडे सरकव."

रबरी बोट खाचेत गेलं. एकदा सुटलं. दुसऱ्यांदा पोटाची पट्टी सरकली. आत चंदेरी बॅटरी दिसली, मधोमध टम्म फुगलेली.

"लाल आणि काळी वायर आहे, पण वायर ओढू नको. तिच्या टोकाला पांढरं टोपण आहे, ते धर. दोन्ही बाजूंनी दाब. हळू."

टोपण निघालं. पारखीनं बॅटरी तळहातावर घेतली आणि बाजूच्या जाड पोलादी पेटीतल्या वाळूत ठेवली. झाकण बंद झालं. शलाकानं श्वास सोडला, तोच पेटीतून फुस्स असा लांबलचक आवाज आला. पेटीच्या धुराड्यातून पांढरट धूर वर गेला आणि छतावरच्या जाळीनं तो ओढून घेतला. पेटीवरची काच आतून काही वेळ केशरी झाली. मग पुन्हा काळी पडली.

आजोबांचा हात शलाकाच्या खांद्यावर आला.

"ही माझी बॅटरी होती," शलाका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "विमानात असती तर..."

मॅडम तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. "हे बघ, तुला माहीत नव्हतं. आता कळलंय, तर पूर्ण कळू दे. त्या बॅटरीत वीज साठवणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये कागदाहून पातळ पडदा असतो, त्यांनी एकमेकींना शिवू नये म्हणून. ड्रोन आपटला तेव्हा हा पडदा कुठंतरी दुखावला असणार. तेव्हापासून आत थोडा थोडा वायू होत राहिला आणि बॅटरी फुगली. त्यात आज मोटर अडकली, बॅटरी तापली. ताप वाढला की पडदा वितळतो. पडदा गेला की पट्ट्या भिडतात आणि आणखी ताप होतो. ही चढण एकदा सुरू झाली की ती मधे थांबत नाही."

"म्हणून पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायला सांगतात?"

"हो. वर माणसं बसलेली असतात. काही तापलं, वास आला, तर लगेच लक्षात येतं आणि विमानातल्या लोकांना काय करायचं ते शिकवलेलं असतं. खाली, विमानाच्या पोटात, पाहायला कुणी नसतं. तिथं आग विझवायची सोय आहे, पण ही आग हट्टी असते. तिला तिथवर पोचूच द्यायचं नाही, हे आमचं काम."

शलाकानं गालावरचं पाणी पुसलं. "फणसपोळी नसती तर तुम्ही बॅग थांबवली नसती?"

"बॅटरीसाठीही थांबवली असती. बॅटरीचा आकार यंत्र ओळखतं. पण आज पोळीमुळे आमचं लक्ष आणखी लवकर गेलं, हे खरं."

पारखीनं एव्हाना बॅगेतले कपडे पुन्हा घडी करून ठेवले होते, आणि शलाकापेक्षा जरा बऱ्या घड्या घातल्या होत्या. बॅटरी नसलेला मासा त्यानं टॉवेलात गुंडाळून मधोमध ठेवला. मासा न्यायला काहीच हरकत नव्हती. बॅगेला नवी चिठ्ठी लागली आणि ती आपोआप चालणाऱ्या एका छोट्या गाडीवर बसून विमानाकडे निघून गेली.

आजोबा अजून उभेच होते. मग त्यांनी वाघमोडे मॅडमना हात जोडले.

"मघाशी मी तुम्हाला वाटेल ते बोललो," ते म्हणाले. "मी दीपगृहावर होतो. दिवा लावायचा, यंत्र तपासायचं, काच पुसायची. समोरून जहाजं जायची. त्यातल्या कुणाला माझं नाव ठाऊक नव्हतं, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण आज तुम्ही केलंत ते कळल्यावर नुसतं उठून जाणं मला जमायचं नाही." त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून कागदात बांधलेली पुडी काढली. वाटेत खायला म्हणून थोडी फणसपोळी त्यांनी जवळ ठेवली होती.

"काका, ड्युटीवर मला काही घेता येत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "तुमची लेक वाट बघत असेल. तिला द्या."

"मग आम्ही तुम्हाला काय द्यायचं?" शलाकानं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. हजारो बॅगा येतात आणि जातात, आणि संध्याकाळी आम्ही म्हणतो, आज काही घडलं नाही. तोच आमचा चांगला दिवस. पण त्या दिवशी कुणी आभार मानत नाही, कारण मानायला काही झालेलंच नसतं. आज तू हे पाहिलंस, तुला कळलं. माझं पोट भरलं. आणि पुढचं पण सांगू? न पेटणारी बॅटरी करायचं काम कितीतरी ठिकाणी चाललंय. आतला ज्वालाग्राही (लवकर पेट घेणारा) द्रव काढून त्याजागी घट्ट पदार्थ घालायचा. मोटर कशी बसवायची ते तुला येतंच. पुढेमागे तेही तुझ्या हातून होईल."

"आणि पारखीला फणस शिकवा," शलाका म्हणाली.

"मी आजचा नमुना जपून ठेवला आहे," पारखी म्हणाला.

विमानात शलाकाला खिडकीची जागा मिळाली. पण ढग सुरू झाले तरी तिचं लक्ष बाहेर नव्हतं. ती आत पाहत होती. पुढच्या रांगेत एक बाळ आईच्या खांद्यावर तोंड उघडं ठेवून झोपलं होतं. पलीकडे नवं लग्न झालेलं जोडपं एकाच फोनवर काहीतरी बघत होतं. एक सरदारजी आजोबा डाळ-भाताचं झाकण उघडायची खटपट करत होते. यांच्यापैकी कुणालाच काही माहीत नव्हतं. सगळे आरामात होते. शलाकानं आजोबांचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

ते तळावर पोचले तेव्हा आई तिथल्या धक्क्यावर उभी होती. समुद्रात राहून ती बारीक झाली होती आणि केस कापलेले होते. शलाका धावत जाऊन तिला बिलगली. रात्री जेवताना तिनं आईला सगळं सांगितलं. सावल्या, चकत्या, धूर, सगळं. मासा तिनं आईच्या हातात दिला तेव्हा त्याच्या पोटाची पट्टी उघडीच होती.

आई त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. तिनं शलाकाला जवळ ओढलं. "उद्या तळावरून नवी बॅटरी घेऊ," ती म्हणाली. "तपासलेली." मग काही वेळानं ती आजोबांना म्हणाली, "बाबा, मी एवढे महिने पाण्याखाली आहे. वरच्या होडीतून नळीनं हवा येते आणि मी ती घेते. ती हवा किनाऱ्यावर टाक्यांत भरण्याआधी रोज कुणीतरी तपासत असणारच. मी त्या माणसाला अजून भेटलेसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता झाल्यावर, आई शलाकाला घेऊन किनाऱ्यावरच्या हवा भरायच्या शेडमध्ये गेली. तिथं एक मध्यमवयीन माणूस नळ्यांच्या जंजाळात उकिडवा बसून कसल्याशा काट्याकडे पाहत होता. या दोघींना पाहून तो गडबडीनं उठला.

"काही चुकलं का मॅडम?" त्यानं हिंदीत विचारलं.

"काहीच चुकलं नाही," आई म्हणाली. "इतके महिने काहीच चुकलं नाही. म्हणून आलेय. तुमचं नाव काय?"

तो माणूस गोंधळला. त्यानं हात पँटला पुसले. "जोसेफ," तो म्हणाला. "जोसेफ तिर्की."

"तुम्ही माझी हवा तपासता ना, जोसेफभाई. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते."

जोसेफ नुसते हसले आणि मान खाली घालून पुन्हा काट्याकडे पाहू लागले. शलाका त्यांच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली. काचेमागे एक सुई हलके हलके थरथरत होती.

"काका," ती म्हणाली, "हवा तर दिसत नाही. मग ती चांगली आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

जोसेफनी आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी खोकं ओढलं, हातानं झटकलं आणि शलाकासमोर ठेवलं.

"बस यावर," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगतो."